पुन्हा उभ्या राहणाऱ्या मशिदीचे अंतरंग
बारामती-इंदापूरच्या संदर्भात एक आढावा

पुराने, भूकंपाने किंवा विस्थापनाने गेलेली गावची मशीद पुन्हा बांधायची ठरली, की जमातीच्या बैठकीत मिनाराची उंची आणि घुमटाचा घेर यांवर बोलणे लवकर सुरू होते. आत काय असावे हा विषय स्लॅब पडल्यानंतर निघतो आणि तोवर वर्गणी संपत आलेली असते. मग वजूखाना, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याची जागा, उरलेल्या कोपऱ्यात जातो, चपला दारात राहतात, बायकांसाठी जागा ‘पुढे बघू’ म्हणून सोडली जाते. या लेखाचे म्हणणे असे, की आराखड्याची सुरुवात आतूनच झाली पाहिजे. नमाजी कुठे उभा राहतो, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, माणसे बाहेर कशी पडतात, डोक्यावरून काय कोसळू शकते, हे आधी ठरावे. आपत्तीनंतर बांधलेल्या इमारतीचे अंतरंग ही पुढच्या आपत्तीची तयारी असते. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके समोर ठेवून या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकत्र पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

इथल्या आपत्ती

हा कमी पावसाचा, अवर्षणप्रवण मुलूख. तरीही इथे नुकसान करते ते बहुतेक पाणीच. सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून कऱ्हा नदीत मोठा विसर्ग झाला आणि बारामती शहरातल्या नदीकाठच्या वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत इंदापूर तालुक्यात ओढे-नाले फुगून शेते आणि घरे पाण्यात गेली. मे २०२५ च्या अखेरीस अवकाळी पावसाने दोन्ही तालुक्यांना झोडपले आणि बारामतीजवळ नीरा डावा कालवा फुटला. नीरा-नरसिंहपूरला तर नीरा आणि भीमा यांचा संगमच आहे, तिथे पुराची धास्ती दर पावसाळ्यात असते.

दुसरी आपत्ती माणसाने हिशेब करून आणलेली. १९८० च्या सुमारास पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात भीमाकाठची गावे गेली. पळसदेवचे जुने दगडी देऊळ आजही पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की शिखर उघडे पडते, आणि दुष्काळी वर्षी लोक थेट जुन्या देवळापर्यंत चालत जातात. घरांचा मोबदला ठरवता येतो. पिढ्यांनी जिथे डोके टेकवले त्या फरशीचा मोबदला कोणत्याच तक्त्यात बसत नाही. हे देवळाइतकेच मशिदीला, दर्ग्याला आणि कबरस्तानालाही लागू आहे. इंदापुरातल्या चांदशावली बाबांच्या दर्ग्यात सगळ्या जातिधर्मांची माणसे जातात. म्हणून या भागात एखादे प्रार्थनास्थळ पुन्हा उभे करणे ही एकट्या जमातीची बाब राहत नाही.

तिसरी आपत्ती भूकंप. २००२ च्या भूकंपक्षेत्र नकाशात पुण्याचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आहे. किल्लारी १९९३ साली सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात गणली जात होती. एवढे आठवले तरी निर्धास्त राहण्याचे धाडस कोणी करू नये.

किल्लारी आणि माळीणने काय शिकवले

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीसह लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. मारले ते बांधकामाने. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, ओबडधोबड दगड मातीत रचलेले, आतला थर आणि बाहेरचा थर यांना सांधणारे आरपार जोडदगड नाहीत, आणि वर माळवदाचा मातीचा भार. हादऱ्यासरशी भिंतीचे दोन पदर सुटले आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले. बारामती-इंदापुरातले जुने वाडे, देवळे, मशिदी यांतही दगड-मातीच्या भिंती आणि माळवदे भेटतात. त्यामुळे जुन्या मशिदीचा टिकलेला भाग नव्या इमारतीत घ्यायचा असेल, तर प्लास्टर आणि रंगाने तो झाकण्याआधी जोडदगड बसवणे आणि जोत्याच्या, दारांच्या माथ्याच्या व छताच्या पातळीला सलग आरसीसी पट्टे फिरवणे अनिवार्य आहे. भारतीय मानक आयएस ४३२६ आणि १३८२८ यांत हे तपशील दिलेले आहेत.

किल्लारीचा दुसरा धडा वस्तीचा. तिथली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलवली गेली. गाव हलले, पण जुनी पांढरी, तिथली श्रद्धास्थाने आणि पूर्वजांच्या कबरी मागेच राहिल्या. नव्या गावात रस्ते सरळ आणि घरे ओळीत आली. जुन्या गावात अंगण, पार, ओटा यांनी जोडलेली माणसे मात्र दूरदूर गेली. अशा ठिकाणी नव्या मशिदीचे सहन, म्हणजे आतले अंगण, हे तुटलेला शेजार पुन्हा जुळण्याचे ठिकाण असते. जागेची काटकसर म्हणून सहनावरच स्लॅब टाकला, तर नमाज संपताच माणसे थेट रस्त्यावर जातात आणि दोन घटका बोलण्याची जागा नाहीशी होते.

तिसरा धडा आपल्याच पुणे जिल्ह्यातला. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. नवे माळीण एप्रिल २०१७ मध्ये लोकार्पण झाले आणि त्याच जूनमधल्या पहिल्या पावसात भराव खचला, रस्ते बसले. बारामती-इंदापुरात डोंगर नाही, पण काळी माती आहे. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. जोत्यात काळी माती भरली तर दोन वर्षांत फरशी वरखाली होते. मशिदीत ही किरकोळ उणीव ठरत नाही, कारण इथे माणूस फरशीवर कपाळ टेकवतो आणि अंधाऱ्या पहाटे म्हातारा माणूस त्याच फरशीवर अनवाणी चालतो. जोत्यात मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून, धुम्मस करून बसवणे हे अंतरंगाचे पहिले काम.

मोजमाप सफेपासून

मशिदीच्या आतली सगळी मापे एका सफेतून, म्हणजे नमाजींच्या एका रांगेतून, निघतात. एका नमाजीला साधारण दोन फूट रुंदी आणि सजद्यासाठी चार फूट खोली लागते, म्हणजे आठ चौरस फूट. चाळीस फूट रुंदीच्या दालनात एका सफेत वीस माणसे बसतात. आठ सफांना बत्तीस फूट, म्हणजे एकशे साठ नमाजी. येण्याजाण्याची जागा धरून साडेचौदाशे ते दीड हजार चौरस फुटांत गावची जुम्याची नमाज मावते. खांब या हिशेबात बसले पाहिजेत. खांबांमुळे सफ तुटू नये अशी जुनी ताकीद आहे. म्हणून खांबांचे अंतर चार फुटांच्या पटीत, आठ, बारा किंवा सोळा फूट ठेवले, तर खांबांची रांग एकाच सफेच्या रेषेत राहते आणि बाकीच्या सफा अखंड मिळतात.

किब्ल्याची दिशा हा दुसरा पाया. बारामतीहून मक्केची दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे साडेअकरा अंश येते. थोड्या फरकाने नमाजेला बाध येत नाही असे बहुतेक धर्मशास्त्रकार मानतात, त्यामुळे ठीक पश्चिमेकडे बांधलेल्या जुन्या मशिदींविषयी वाद घालण्याचे कारण नाही. पण नव्याने बांधताना हा कोन पायाच्या आखणीतच सोडवावा. इमारत ठीक पश्चिमेला आणि सफा तिरप्या अशी तडजोड केली, तर चाळीस फूट रुंदीत सफेचे एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे आठ फूट पुढे जाते. दोन सफांची जागा त्रिकोणी कोपऱ्यांत वाया जाते.

भूखंड रस्त्याला समांतर आणि किब्ला तिरपा, ही अडचण मोठ्या वास्तुकारांनाही आली आहे. ढाक्यातली बैत-उर-रौफ मशीद मरीना तबस्सुम यांनी बांधली आणि तिला २०१६ चा आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तिथे जागा आणि किब्ला यांच्यात १३ अंशांचा फरक होता. त्यांनी बाहेरचा चौकोन जागेप्रमाणे ठेवला, आत विटांचे वर्तुळ घेतले आणि त्यातले प्रार्थनादालन किब्ल्याकडे वळवले. मधल्या उरलेल्या जागांतून उजेड आणि वारा आत येतो. जोते उंच ठेवून पुराचा विचार केला. छत भोवतीच्या आठ खांबांवर आहे, मधे एकही खांब नाही. घुमट नाही, मिनार नाही, तरीही तिथे पाऊल ठेवणाऱ्याला ती मशीदच वाटते. वर्गणीतून, बेताच्या पैशांत उभ्या राहिलेल्या या वास्तूपासून आपल्या गावांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

पश्चिमेची भिंत

महाराष्ट्रात किब्ल्याची भिंत पश्चिमेला येते आणि यातून इथल्या हवामानाची एक खास अडचण उभी राहते. उन्हाळ्यात दुपारनंतरचे सगळे ऊन याच भिंतीवर असते. असर आणि मगरिबच्या वेळी पहिली सफ तापलेल्या भिंतीसमोर उभी असते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारेही पाऊस याच बाजूला आपटतात, त्यामुळे बाहेर काढलेल्या मेहराबीच्या सांध्यात ओल मुरते. यावर उपाय महाग नाहीत. भिंत पोकळ दुहेरी घ्यावी किंवा तिच्यामागे चार फुटांची ओवरी ठेवावी, छज्जा रुंद काढावा, बाहेर कडुनिंब लावावा. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक केला तर स्लॅब कमी तापतो. उत्तर-दक्षिण भिंतींत खाली जाळ्या आणि छताजवळ झरोके ठेवले, की गरम हवा वरून निघून जाते आणि वातानुकूलनाचे बिल जमातीच्या डोक्यावर बसत नाही.

पूर वारंवार येतो तिथे आतल्या भिंतींना कमरेपर्यंत चुन्याचा गिलावा किंवा पॉलिशचा दगड द्यावा. ऑइलपेंट आणि प्लायवूड ओल आत कोंडतात. विजेचे बोर्ड, ध्वनिवर्धकाची यंत्रणा आणि कुरआन-किताबांची कपाटे पूररेषेच्या वर असावीत. जमिनीला चिकटवलेला गालिचा एका पुरात कुजतो. त्याऐवजी सोलापूरकडच्या सुती सतरंज्या किंवा गुंडाळून माळ्यावर टाकता येणाऱ्या चटया घ्याव्यात. त्या धुता येतात, उन्हात वाळवता येतात, आणि खाली शहाबादी फरशी असेल तर पाणी उतरल्यावर दोन दिवसांत दालन पुन्हा वापरता येते.

डोक्यावर काय आहे

भूकंपात इमारत उभी राहिली तरी आतल्या वस्तू माणसे जायबंदी करतात. जड झुंबर, पीओपीचे छत, मेहराबीभोवती नुसत्या सिमेंटने चिकटवलेले संगमरवराचे तुकडे, भिंतीला न बांधलेली उंच कपाटे, गच्चीवरची मोकळी ठेवलेली पाण्याची टाकी, कठड्यावरचे शोभेचे छोटे मिनार. १८१९ च्या कच्छच्या भूकंपात दूर अहमदाबादेतल्या जामा मशिदीचे मिनार मोडले आणि उरलेले १९५७ च्या धक्क्यात गेले. पंधराव्या शतकातल्या उत्कृष्ट कारागिरांची ही गत झाली, तर वीटकामावर उभे केलेले आजचे मिनार काय टिकाव धरतील? मिनार हवाच असेल तर त्याचा पाया, सळया आणि मूळ सांगाडा संरचना अभियंत्याने एकत्र हिशेबात धरावा. प्रवेशदाराच्या थेट वर तर तो नकोच.

बाहेर पडण्याची वाट हाही अंतरंगाचाच भाग आहे. नमाजी पश्चिमेकडे तोंड करून असतात आणि दारे पूर्वेला, पाठीमागे. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी दालन भरलेले असते आणि नेमक्या दारातच चपलांचा ढीग असतो. दिवे गेले आणि गर्दी उलटली तर त्या ढिगात माणसे अडखळून पडतील. चपलांचे कप्पे दारापासून बाजूला हवेत, दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत, आणि पुढच्या सफांसाठी उत्तर किंवा दक्षिण भिंतीत आणखी एक दार हवे. या तीन गोष्टींचा खर्च एका झुंबरापेक्षा कमी आहे.

वजूचे पाणी

बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर येतो. अशा ठिकाणी वजूखान्याची आखणी नीतीचाही प्रश्न ठरते, कारण वाहत्या नदीकाठीही वजूला पाणी उधळू नये ही शिकवण प्रत्येक मकतबात दिली जाते. नळ सुटा ठेवला तर एका वजूला दहा लिटर सहज जातात. दिवसाला दीडशे वजू धरले तर दीड हजार लिटर. दाबून सुटणारे नळ बसवले तर हा आकडा निम्म्यावर येतो. वजूचे पाणी तुलनेने स्वच्छ असते. वेगळ्या पन्हाळीने ते एका टाकीत नेऊन वाळू-खडीच्या गाळणीतून झाडांना आणि शौचालयांना देता येते.

छताचे पाणीही धरावे. वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मानला, तरी साडेचौदाशे चौरस फुटांच्या गच्चीवरून पन्नास हजार लिटरपर्यंत पाणी मिळते. जोत्याखाली टाकी बांधली तर जुन्या मशिदींतल्या हौदाचे काम ती करील. मात्र तिचे झाकण पूररेषेच्या वर असावे, नाहीतर पुराचे घाण पाणी त्यातच उतरेल. वजूची बैठक म्हाताऱ्या माणसाला गुडघे न दुखता बसता येईल इतकी उंच हवी, एक जागा चाकाच्या खुर्चीसाठी हवी आणि फरशी खरखरीत हवी.

खुत्बा ऐकू यावा

विजापूरच्या गोल घुमटात एका टोकाची कुजबुज दुसऱ्या टोकाला ऐकू येते आणि पर्यटक खूश होतात. गावच्या मशिदीत मात्र काँक्रीटचा घुमट, ग्रॅनाइटच्या भिंती आणि काचेच्या खिडक्या एकत्र आल्या, की पेशइमामांचे शब्द एकमेकांवर आदळतात. मग ध्वनिवर्धक वाढवला जातो आणि गोंधळही वाढतो. मागच्या, म्हणजे पूर्वेच्या भिंतीवर लाकडी जाळी किंवा खडबडीत गिलावा, खाली सतरंज्या आणि छत फार उंच न नेणे, एवढ्याने बराच फरक पडतो. मोठ्या आवाजाच्या एका कर्ण्यापेक्षा दालनात ठिकठिकाणी लहान ध्वनिक्षेपक ठेवले तर शब्द स्पष्ट पोहोचतात आणि शेजारच्या घरांनाही त्रास होत नाही.

बायका, आणि सगळ्यांसाठीचा आसरा

महाराष्ट्रातल्या अनेक मशिदींत स्त्रियांना जागाच नाही. पुण्यातल्या एका दांपत्याने २०१९ मध्ये याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितले, की स्त्रियांना मशिदीत नमाजेसाठी येण्याची मुभा आहे. धर्माची आडकाठी नसेल तर उरते ती भिंत, जिना आणि वजूखाना यांची अडचण, आणि ती आराखड्यात सुटते. स्वतंत्र दार, स्वतंत्र वजूखाना, त्याच पातळीवरची जागा आणि इमामांचा आवाज नीट येईल अशी जाळी, हे पुनर्बांधणीच्या वेळी अल्प खर्चात होते. नंतर भिंती फोडून करायचे म्हटले तर कधीच होत नाही. जिना चढून गच्चीवरची खोली देणे म्हणजे जागा देणे नव्हे.

ही जागा आपत्तीत किती मोलाची ठरते, याचे उदाहरण केरळात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात कवळप्पारा इथे दरड कोसळली तेव्हा पोथुकल्लूच्या मशिदीने मृतांच्या शवविच्छेदनासाठी आपल्या वास्तूतली स्त्रियांच्या नमाजेची जागा दिली. मदरशाची बाके आणून टेबले केली, वजूच्या नळांचे पाणी वापरले. मृत कोणत्या धर्माचे हे कोणी विचारले नाही. २०२० च्या कोरोना साथीत पुण्यात आझम कॅम्पसच्या मशिदीतली जागा विलगीकरणासाठी देऊ करण्यात आली, आणि भिवंडीच्या मक्का मशिदीत रुग्णांसाठी प्राणवायूची सोय झाली. या मशिदी उपयोगी पडल्या कारण त्यांच्याकडे पाणी, सपाट मोकळी फरशी, वेगळे दार आणि आडोसा होता.

नदीकाठच्या गावात मशीद पुन्हा बांधताना तिला आसऱ्याची इमारत म्हणूनच आखावे. पूररेषेच्या वर जोते, रुंद उतरंड, शंभर माणसे रात्रभर झोपू शकतील अशी फरशी, सौरदिवे, एक लहान भटारखाना आणि बाहेरूनही वापरता येणारी शौचालये. इथे आसरा घेणारा माणूस कोणत्याही आळीतला असेल. संकटात गाव ज्या दारी जाते, त्या दाराशी गावाचे नाते पुढेही टिकते.

आठवण कशी ठेवावी

इंडोनेशियातल्या आचे प्रांतात लांपुक इथली रहमतुल्ला मशीद २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत उभी राहिली. भोवतीचे सगळे गाव वाहून गेले. दुरुस्ती करताना आतला एक मोडका कोपरा तसाच राखला, येणाऱ्यांना तो आजही दिसतो. आपल्याकडे इतके मोठे स्मारक नको. जुन्या मशिदीचा एखादा घडीव दगड, सागाचा खांब किंवा दाराची चौकट नव्या भिंतीत मानाने बसवावी, आणि पाणी कुठवर आले होते त्या उंचीवर तारखेसह मराठीत एक रेघ कोरावी. या खुणेचा उपयोग भावनेपलीकडचा आहे. वीस वर्षांनी कोणी विजेचा बोर्ड खाली आणायला निघाला, तर ती रेघ त्याला अडवील.

निर्णय कोणी आणि कोणत्या क्रमाने घ्यावा

मुतवल्ली, विश्वस्त आणि कंत्राटदार एवढ्यांनीच आराखडा ठरवू नये. जागेची वक्फ नोंद, बांधकामाची परवानगी आणि संरचना अभियंत्याची सही झाली, की मोकळ्या मैदानावर फक्कीने दालन पूर्ण मापात आखावे. तिथे म्हाताऱ्यांनी बसून-उठून पाहावे, बायकांनी आपले दार कुठे हवे ते सांगावे, मकतबातल्या मुलांनी धावून दाखवावे. कागदावर न कळणाऱ्या चुका तिथे तासाभरात कळतात. पुण्याच्या वास्तुकला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अशा कामांत विद्यार्थी पाठवले तर गावाला सल्ला मिळेल आणि त्यांना खरा अभ्यास मिळेल.

पैशांचा क्रमही लिहून ठरवावा. आधी पाया, मुरमाचे जोते आणि आरसीसी पट्टे. मग छत, दारे, टाकी आणि दोन्ही वजूखाने. त्यानंतर वारा, सावली, आवाज. शेवटी मेहराबीचे नक्षीकाम, आणि ते एखाद्या चांगल्या स्थानिक पाथरवटाकडून, थोडे पण सुबक. घुमट-मिनारासाठी पैसे उरले नाहीत तरी मशीद अपुरी राहत नाही. मिनार पुढची पिढीही चढवू शकेल. जोत्याची उंची, भिंतींतले पट्टे, बायकांचे दार आणि पाण्याची टाकी मात्र याच बांधकामात झाली पाहिजेत, कारण पुढचा पूर वर्गणी पुन्हा जमेपर्यंत थांबणार नाही.